सावळा चेहरा, पांढरी टोपी आणि त्यामागचा रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचे तैलरंगातील व्यक्तिचित्र, कॅनव्हास 18 बाय 24 इंच, संदर्भाला स्टुडिओत काढलेला एक जुना रंगीत फोटो. आजोबांचा वर्ण गडद सावळा, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. कॅनव्हासवर आधी टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंगाचा) हात फिरवला होता आणि त्यावर चेहरा मनासारखा उतरला. नंतर फोटोतल्या पडद्याप्रमाणे मागे फिकट आकाशी रंग भरला, आणि तोच चेहरा एकदम काळवंडला. शिवाय गालांवर नको इतकी नारिंगी झाक दिसू लागली. चेहऱ्याला हात न लावता हे कसे घडले, आता मागे कोणता रंग द्यावा आणि घरच्यांचा निळ्याचा आग्रह कसा सांभाळावा, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वप्रथम हे सांगतो की तुमचा चेहरा बिघडलेला नाही, त्यामुळे तो सुधारायला घेऊ नका. गेली तीस वर्षे मी व्यक्तिचित्रे करतो आहे आणि शिकवतोही आहे. पार्श्वभूमी चुकल्यामुळे चेहरा चुकला असे वाटून विद्यार्थ्यांनी चांगला झालेला चेहरा पुन्हा पुन्हा रंगवून मळवून टाकल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तुम्ही थांबून विचारलेत, हे फार बरे झाले.

तुमचा प्रश्न "कोणता रंग" असा आहे, पण खरी अडचण रंगाच्या नावात नाही. शुद्ध काळ्याला 0 आणि शुद्ध पांढऱ्याला 10 धरून मोजले, तर गडद सावळ्या चेहऱ्याचा उजेडातला भाग साधारण 5 च्या आसपास येतो, सावलीतला भाग 2 ते 3 वर उतरतो आणि कपाळावरची किंवा नाकाच्या शेंड्यावरची चमक 6-7 पर्यंत चढते. पातळ अंबरने माखलेला कॅनव्हास सहसा 5-6 च्या घरात असतो, म्हणजे तुमच्या चेहऱ्याच्या जवळपास. त्या जमिनीवर, म्हणजे मागच्या त्या रंगावर, कपाळ उजळलेले दिसत होते आणि सावली सावलीसारखी वाटत होती. फिकट आकाशी रंग मात्र सहज 8 वर जातो. 5 च्या चेहऱ्यामागे 8 ची भिंत उभी राहिली, की उजेडातला गालही सावलीत असल्यासारखा भासतो. खिडकीत पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला जसा काळा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. ही झाली टोनची, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाची, चूक.

त्यात दुसरी, रंगाची चूक मिसळली आहे. सावळी त्वचा म्हणजे मुळात मंद केलेला (भडकपणा काढलेला), गडद नारिंगीच असतो, आणि निळा हा नारिंगीचा विरोधी रंग आहे. शेजारी ठेवलेले विरोधी रंग एकमेकांना भडकवतात. पॅरिसच्या गोबलां या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात धाग्यांच्या रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे, विणकामातला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार गेली होती. तपासल्यावर दोष रंगात सापडला नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो काळा फिका भासत होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून चित्रकार ही गोष्ट नियम म्हणून शिकत आले. तुमच्या गालांवरची नारिंगी झाकही याच जातीची आहे. ती ब्रशने आलेली नाही, शेजारामुळे आली आहे आणि शेजार बदलला की ती जाईल.

म्हणून मी पार्श्वभूमी ठरवताना आधी टोन ठरवतो, मग रंग उष्ण (लाल-पिवळ्याकडे झुकणारा) हवा की शीत (निळ्याकडे झुकणारा), मग तो किती मंद, आणि निळा-हिरवा-तपकिरी हे नाव सर्वांत शेवटी. बहुतेकजण उलट्या क्रमाने जातात, कारण दुकानात ट्यूब नावाने मिळते आणि टोन ट्यूबवर लिहिलेला नसतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे, तेही सांगायला हवे. उजेड कोणत्या बाजूने येतो, कपडा गडद आहे की पांढरा, केस काळे की पिकलेले, चित्र कुठे लागणार, माध्यम तैलरंग की जलरंग, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. गोऱ्या, पिकल्या केसांच्या आजींचे चित्र असते तर मी तुम्हांला बरेच वेगळे काही सांगितले असते. जलरंगात असते तर पार्श्वभूमी आधीच ठरवून घ्यावी लागली असती, कारण तिथे मागाहून पुसण्याची सोय फारच थोडी असते. फोटोत उजेड आपल्या डाव्या हाताने, थोडा वरून येतो आहे असे तुम्ही लिहिले आहे. पुढचे सगळे ते धरून सांगतो.

तुमच्या चित्रातला सर्वांत अवघड तिढा चेहरा आणि निळा यांच्यातला नाही, तो चेहरा आणि टोपी यांच्यातला आहे. गडद सावळा माणूस पांढऱ्या टोपी-सदऱ्यात बसला की चित्रातला सर्वांत उजळ आणि जवळजवळ सर्वांत गडद रंग एकमेकांना खेटून येतात. पार्श्वभूमी फार उजळ केली तर चेहरा काळवंडतो, जे तुमच्याकडे झाले. फार गडद केली तर चेहऱ्याची सावलीची बाजू तिच्यात बुडते आणि पांढरी टोपी दिव्यासारखी पेटून उठते. बघणाऱ्याची नजर डोळ्यांवर न जाता आधी टोपीवर जाते. त्यामुळे अशा चित्रात पार्श्वभूमीला दोघांच्या मध्ये, पण चेहऱ्याच्या बाजूला अधिक सरकून, उभे राहावे लागते. तुमच्यासाठी मी 3 ते 4.5 ही पट्टी सुचवीन.

ही पट्टी म्हटली, एक आकडा म्हटला नाही, त्याला कारण आहे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत एक साधा सल्ला आहे: वस्तूच्या उजेडातल्या बाजूमागे गडद जमीन ठेवावी आणि सावलीतल्या बाजूमागे उजळ. तुमच्या चित्रात डावा गाल उजेडात, म्हणजे 5 वर आहे. त्याच्यामागे पार्श्वभूमी 3 ते 3.5 ठेवली तर तो गाल आपोआप उजळतो. उजवा गाल सावलीत, 2.5 च्या आसपास आहे. त्याच्यामागे तीच पार्श्वभूमी हळूहळू 4.5 पर्यंत नेली तर सावली कोंदट न वाटता तिच्या पलीकडे हवा आहे असे जाणवते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना दीड पायरीचाच फरक पडला, तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण डोक्याला गोलाई येईल आणि ते भिंतीपासून सुटे होईल. आणि हे नैसर्गिकही दिसते, कारण तिरप्या उजेडात खरी भिंतसुद्धा कधी सपाट एका रंगाची दिसत नाही. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात मागच्या भिंतीवर तिची सावली पडलेली दिसते, आणि ती भिंत नुसती रंगवलेली न राहता त्या एका ज्योतीने उजळलेली भिंत वाटते. चित्राची छापील प्रत मिळाली तर चेहरा हाताने झाकून फक्त भिंत पाहा. उजेड किती ठिकाणी बदलतो ते मोजा.

टोपीचे काय करायचे, तेही याच हिशेबात बसते. टोपी पांढरी आहे म्हणून ट्यूबमधला टिटॅनियम व्हाईट तसाच लावला असेल, तर तो खाली आणा. उजेडातली टोपी 8 पुरे. शुद्ध पांढरा लागलाच तर घडीच्या एका कडेवर लागेल. सावलीतली टोपी 5 ते 5.5 वर येऊ द्या. आता गंमत पाहा, टोपीची सावलीतली बाजू 5 आणि तिच्यामागची पार्श्वभूमी 4.5, म्हणजे तिथली कड जवळजवळ विरघळते. ही हरवलेली कड चित्राला फार उपकारक असते. टोपीचा अर्धा घेर ठसठशीत आणि अर्धा मागच्या रंगात मिसळलेला असला, की ती डोक्यावर बसलेली वाटते. कापून चिकटवल्यासारखी वाटत नाही. सदऱ्याच्या उजव्या खांद्यालाही हाच न्याय लावा.

टोन ठरला, आता रंग. तुम्ही म्हणाल, अंबरच्या जमिनीवर चेहरा छान दिसत होता तर तीच तपकिरी जमीन जराशी गडद करून ठेवावी. माझे मत तसे नाही. सावळ्या चेहऱ्यामागे तपकिरी ठेवले तर दोघे एकाच कुळातले होतात. तशी चित्रे थोर चित्रकारांनी केली आहेत, हे खरे. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या तपकिरी अंधाराने तर पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांना मोहात पाडले आहे. पण तिथे चेहरे गोरे आहेत आणि त्यांच्यात गुलाबी, पिवळट, राखाडी असे बरेच काही खेळते आहे. आपल्याकडचा सावळा वर्ण त्याच तपकिरीसमोर ठेवला की त्वचेतला तांबूसपणा, कानशिलाजवळची जांभळट झाक, हनुवटीवरच्या खुंटांची निळसर राखाडी हे सगळे पार्श्वभूमी गिळून टाकते आणि माणूस मातीचा घडवल्यासारखा दिसतो. सावळ्या रंगात किती रंग असतात हे दाखवायचे असेल, तर मागे थोडा शीत आणि बराच मंद रंग हवा.

मी अशा वेळी हिरवट राखाडीकडे जातो. हिरव्याच्या शेजारी त्वचेतला लाल रंग जिवंत होतो, आणि हिरवा मंद असल्यामुळे तो लाल भडकत नाही. हा रंग करायला हिरवी ट्यूब लागतही नाही. आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगात यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून पाहा. पॅलेटवर डोळ्यांदेखत शेवाळी रंग तयार होतो, कारण हा काळा मुळात निळसर असतो. त्यात थोडा रॉ अंबर (हिरवट तपकिरी) घाला, टोन हवा तितका येईपर्यंत पांढरा घाला आणि उजळ बाजूकडे जाताना नखाएवढा अल्ट्रामरीन (गडद निळा). रॉ अंबरचा आणखी एक फायदा असा की तो लवकर सुकतो, आणि आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो. दोघे एकत्र असले की थर वेळेत धरतो. रंग पॅलेटवर पूर्ण एकजीव घोटू नका. तीन छटा शेजारी शेजारी ठेवा आणि रुंद फ्लॅट ब्रशने कॅनव्हासवरच एकमेकांत अर्धवट मिसळा. घोटून एकसारखा केलेला रंग भिंतीला ऑईलपेंट दिल्यासारखा दिसतो. अर्धवट मिसळलेल्या रंगात खोली राहते.

हे सगळे माझ्या शब्दावर करू नका, आधी करून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकची एक शीट चित्राएवढी कापून घ्या. चेहरा हाताला पूर्ण सुकलेला असेल तर ती शीट चित्रावर चिकटपट्टीने कडांना लावा आणि चेहऱ्याभोवतीचा भाग शीटवर ठरवलेल्या रंगाने भरा. सहा-सात फूट मागे जा, डोळे किलकिले करा. मग शीट पुसा आणि दुसरा रंग लावून पाहा. अर्ध्या तासात तीन-चार पार्श्वभूम्या पाहून होतात आणि चित्राला धक्काही लागत नाही. प्रत्येक वेळी मोबाईलवर एक फोटो काढून तो कृष्णधवल करून ठेवा. त्या फोटोत आजोबांचे डोळे आणि कपाळ आधी दिसले पाहिजेत, टोपी नंतर. टोपी आधी दिसली तर रंग कितीही आवडला असला तरी टोन चुकला आहे.

चित्र कुठे लागणार, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्याला मी फार महत्त्व देतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहासाठी मी तिथल्या निवृत्त मुख्याध्यापकांचे चित्र केले होते. काळा कोट आणि मागे अगदी गडद तपकिरी. स्टुडिओत ते भारदस्त दिसत होते. सभागृहात ते दोन मोठ्या खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर लागले आणि त्या गडद, व्हार्निश केलेल्या भागात आरशासारख्या दोन्ही खिडक्या दिसू लागल्या. कोट आणि पार्श्वभूमी एक झाली आणि चेहरा नुसता तरंगू लागला. मी ते चित्र परत आणले, पार्श्वभूमी दोन पायऱ्या वर उचलून राखाडी केली आणि व्हार्निश मॅट, म्हणजे न चमकणारे, वापरले. तेव्हापासून मोठे काम घेण्याआधी मी ती भिंत जाऊन पाहतो. घरात चित्र लावणार असाल तर भिंतीचा रंग, समोर खिडकी आहे का आणि संध्याकाळी पांढरा दिवा लागतो की पिवळा, एवढे बघून घ्या. पिवळ्या दिव्याखाली मंद शीत रंग आणखी मंद पडतात, तेव्हा अल्ट्रामरीन किंचित वाढवावा लागेल. आजोबांच्या चित्राला चंदनाचा हार चढणार असेल तर तो फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांतून खाली येतो आणि दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी बरीच झाकतो. त्या तपकिरी हारासमोरही हिरवट राखाडी तपकिरीपेक्षा अधिक शोभते, हा माझा अनुभव आहे.

आता आकाशी रंग काढण्याविषयी. तो अजून ओला असेल तर पॅलेट नाईफने खरवडून फडक्याने पुसून घ्या, पण चेहऱ्याच्या कडेपासून अर्धा इंच लांब थांबा. सुकला असेल तर राहू द्या; फक्त चेहऱ्याभोवती रंगाचा बांध उभा राहिला असेल तो नाईफने सपाट करा, नाहीतर नव्या रंगाखालून जुनी कड डोकावत राहील. नवा थर जुन्यापेक्षा थोडा जास्त तेलाचा असू द्या. अंबर सुकल्यावर पुष्कळदा मंद, कोरडा दिसतो. घाबरून तो आणखी गडद करू नका. त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुसून काढला की खरा टोन परत दिसतो.

नवा रंग भरताना चेहऱ्याच्या कडेपाशी येऊन थांबू नका. चेहरा झाल्यावर भोवती सावधपणे रंग भरत गेले की ब्रश बाह्यरेषेवरून रेल्वेसारखा धावतो आणि डोके कापून लावल्यासारखे दिसते. सावलीच्या बाजूला पार्श्वभूमीचा ब्रश केसांवर आणि कानाच्या मागच्या कडेवर थोडा जाऊ द्या. मग कानाचा रंग पुन्हा हलक्या हाताने बाहेर ओढा. तोच हिरवट राखाडी जरासा उष्ण करून गळ्याखालच्या सावलीत आणि जबड्याच्या उलट्या बाजूला दोन-तीन ठिकाणी लावा. चेहऱ्याला हात लावू नका असे मी वर म्हणालो, त्याला एवढाच अपवाद. माणूस ज्या खोलीत बसला आहे त्या खोलीचा रंग त्याच्या सावल्यांत असतोच, आणि तो नसला तर चेहरा एकीकडचा आणि पार्श्वभूमी दुसरीकडची वाटते.

रंग टिकाऊ घ्या, हेही सांगायला हवे. डच चित्रकार व्हर्मीरच्या मोत्याचे कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या चित्रामागे आज आपल्याला जवळजवळ काळा अंधार दिसतो. 2018 मध्ये हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयात त्याची तपासणी झाली, तेव्हा तिथे मुळात हिरवा पडदा होता हे स्पष्ट झाले. गडद थरावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिजन्य रंगाचा पारदर्शक हात दिलेला होता आणि तो काळाच्या ओघात बिघडला. मी सांगितलेले काळा, ऑकर, अंबर आणि अल्ट्रामरीन हे चारही प्रकाशात टिकणारे आहेत. स्वस्त संचातला नाव नसलेला तयार हिरवा मात्र पार्श्वभूमीला वापरू नका.

राहिला घरच्यांचा निळा. त्यांचा आग्रह मला अयोग्य वाटत नाही. त्या फोटोतला निळा पडदा त्यांच्या आठवणीचा भाग आहे आणि चित्र शेवटी त्यांच्याच घरात राहणार आहे. निळ्या जमिनीवर उत्तम व्यक्तिचित्रे झाली आहेत. जर्मन चित्रकार होल्बाइनचे 1538 मधले डेन्मार्कची राजकन्या ख्रिस्तिना हिचे चित्र निळसर हिरव्यावरच उभे आहे. पण तिचा चेहरा अगदी गोरा आणि पोशाख काळा आहे, म्हणजे तुमच्या नेमका उलट. तुमच्याकडे निळा चालेल, पण आकाशी चालणार नाही. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर जवळजवळ निम्मा घालून तो राखाडीकडे झुकवा आणि पांढऱ्याने त्याच 3 ते 4.5 च्या पट्टीत आणा. शीटवर हिरवट राखाडी आणि हा निळसर राखाडी, दोन्ही लावून घरच्यांना दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या. टोन तुम्ही सांभाळलेला असल्यामुळे दोन्हींत चेहरा सुरक्षित राहील. त्यांनी हिरवट निवडला, तर फोटोतला तो आकाशी टोपीच्या आणि सदऱ्याच्या सावल्यांत घाला. पांढऱ्या कापडाच्या सावलीत निळा सहज सामावतो, आणि तिथे तो चेहऱ्याला काळवंडवत नाही.